चाळिशी-पन्नाशीतलं समाधान: एक वही आणि तीन महिने

आमच्या भिशीत बाराजणी आहोत. सगळ्या बेचाळीस ते छप्पन्न या वयातल्या. मागच्या दिवाळीनंतरच्या भिशीला मी सहज विचारलं, "आपापल्या आयुष्याला दहापैकी किती मार्क द्याल?" पहिल्या आठजणींनी एकापाठोपाठ "सात" म्हणून सांगून टाकलं. सात हा फार सोयीचा आकडा आहे. त्यात तक्रार नाही, बढाई नाही, आणि पुढे कुणी काही विचारत नाही. नवव्या मैत्रिणीने मात्र हातातली बशी खाली ठेवली. "मार्क कशाला द्यायचे?" ती म्हणाली. "झोपेला, नवऱ्याला, की गुडघ्यांना?"

हसू ओसरल्यावर लक्षात आलं की खरा प्रश्न तिनेच विचारला होता. सगळ्याची गोळाबेरीज केली की सात येतात, आणि त्या सातांच्या आत झोपेचे दोन न् पैशांचे तीन दबून जातात. मग कुणी सांगतं छंद जोपास, कुणी सांगतं ध्यान कर, आणि हिमोग्लोबिन नऊवर असलेली बाई पहाटे उठून ध्यानाला बसते. पुढे दिलेली पद्धत आमच्यापैकी पाचजणींनी तीन महिने करून पाहिली. खर्च म्हणाल तर शंभर पानी वहीचा, आणि काही रक्ततपासण्यांचा.

पहिली पायरी: मार्क सुटे करा

दहा पायऱ्यांच्या शिडीवर आपण कुठे उभे आहोत, हे माणसाला थेट विचारायची रीत अमेरिकी संशोधक हॅडली कँट्रिल यांनी 1965 मध्ये मांडली. देशोदेशींच्या आनंदाची जी यादी दरवर्षी बातम्यांत येते, तिच्या मुळाशी हीच शिडी असते. आपण ती सात पानांवर वाटायची: शरीर, झोप, घरचा भार, पैसे, सगळ्यात जवळचं नातं, मैत्रिणी, आणि स्वतःचं काही. प्रत्येक पानावर शून्य ते दहा यांतला एक आकडा आणि एक वाक्य लिहायचं. वाक्यात "कारण" हा शब्द आलाच पाहिजे. "झोप: तीन, कारण रात्री दोनला घामाने उठते आणि मग चारपर्यंत छताकडे बघत पडते." असं लिहिलं की पुढे काय करायचं ते निम्मं कळतंच.

नवरा वहीत डोकावेल अशी धास्ती असेल तर वही कपाटात साड्यांखाली ठेवा. आमच्यातल्या एकीने ती गव्हाच्या डब्यात ठेवली होती.

या वयात समाधान खाली जातं ही काही फक्त आपली समजूत नाही. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ओस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवलं की समाधानाचा आलेख चाळिशीत तळ गाठतो आणि पुढे वर चढतो. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. मला त्यातून दिलासा मिळाला, पण "आपोआप वर चढेल" म्हणून हातावर हात धरून बसणं मला पटत नाही. आणि एक गंमत सांगते. सुखी आयुष्यावरचा हार्वर्डचा सुप्रसिद्ध अभ्यास 1938 साली सुरू झाला तो निव्वळ पुरुषांवर. बायकांची पाळी बरीच नंतर आली!

दुसरी पायरी: तीन दिवसांचे तास

दोन साधे दिवस आणि एक रविवार. दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायचं. सणाचा किंवा पाहुण्यांचा दिवस धरू नका, नाहीतर चित्र भलतंच दिसेल.

माझ्या मंगळवारच्या पानावरचा तुकडा असा आहे: "5:40 उठले, दूध तापवलं. 6:00 दोन डबे, मधेच मामंजींचा चहा. 6:30 पोळ्या. (गॅसचा नंबर लावायचाय. मामंजींच्या बीपीच्या गोळ्या तीनच उरल्यात. पुतणीच्या बारशाला काय द्यायचं?) 7:10 उभ्यानेच चहा." कंसातल्या ओळींना वेळ लागला नाही, म्हणून त्या कुणाच्याच हिशोबात येत नाहीत. पण दमवतात त्याच. अशा डोक्यातल्या कामांभोवती पेनाने गोल करा. तीन दिवसांत माझे 41 गोल झाले.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बायकांपैकी ज्या घरकाम करतात त्यांची दिवसाकाठी सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, आणि पुरुषांपैकी जे घरकाम करतात त्यांची 88. आधीच्या 2019 च्या पाहणीत हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे बायकांचं काम दहा मिनिटांनी घटलं, आणि पुरुषांचंही नऊ मिनिटांनी घटलं. तुमची बेरीज 289 च्या पुढे गेली तर दचकू नका. माझी 370 आली होती, नोकरी सांभाळून.

तिसरी पायरी: मनाकडे जाण्याआधी रक्त

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्या पाचपैकी तिघींचं "मनच लागत नाही" हे दुखणं निम्म्याहून जास्त रक्तात सापडलं.

फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन या तपासण्या लिहून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड (टीएसएच), तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी), कोलेस्टेरॉल, बी12 आणि डी जीवनसत्त्व. रक्तदाब तिथेच मोजून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. "बायकांचं एवढंच असतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो डॉक्टर का असेना. मला एकाने 9.4 च्या रिपोर्टावर "वयानुसार ठीक" म्हणून परत पाठवलं होतं आणि मी मुकाट परत आले होते. आठ महिने गेले त्यात. एचबीए1सी 5.7 ते 6.4 असेल तर मधुमेह दारात उभा आहे, 6.5 पासून पुढे घरात आलाय. घरी एक टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात, वजन बेताचं असलं तरीही.

आता पाळीबद्दल. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47 च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं अलीकडे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. पण खरा गोंधळ त्याआधीच्या चार-पाच वर्षांत होतो. अंगातून वाफा निघतात, रात्री गाऊन भिजतो, सांधे धरतात, छातीत धडधडतं, नावं आठवत नाहीत, आणि भांडं पडल्याच्या आवाजावर रडू येतं. हे सहन करणं हा काही गुण नाही. वाफा फार होत असतील तर संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) उपचार आहेत. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केले तर बहुतेकींना त्यांचा फायदा जोखमीपेक्षा जास्त होतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठी होऊन गेल्या असतील तर ते सहसा देत नाहीत. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना आपला सगळा इतिहास सांगा. मैत्रिणीची गोळी आणून घेऊ नका.

दोन गोष्टींना मात्र थांबायचं नाही. पाळी गेल्यानंतर एक डाग दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. आणि चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली तरी.

तिसरी गोष्ट उलट्या बाजूची. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असं कुणी पहिल्याच भेटीत सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय इतका वाढला की 2019 मध्ये राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शस्त्रक्रिया कधीकधी खरोखर लागते. पण घाई करू नये.

खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की थेंब गळतात, हे आमच्या भिशीत कुणी अकरा वर्षांत बोललं नव्हतं. एकीने सांगितल्यावर सहाजणींचे हात वर झाले. लग्नाच्या हॉलमध्ये आधी बाथरूम कुठे आहे ते बघणं, गडद रंगाचीच साडी नेसणं, एसटीचा लांबचा प्रवास टाळणं, यामागे हेच होतं. व्यायाम सोपा आहे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळून पाच आकडे मोजायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. एरवी करायचा, लघवी करताना नाही. गुण यायला तीन महिने लागतात, म्हणून बऱ्याचजणी तीन आठवड्यांत सोडून देतात. भाजी निवडताना करा, कुणाला कळतही नाही. तरीही फरक पडला नाही तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

खाण्याचं थोडक्यात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या बाईला साधारण पन्नास. एक अंडं सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाणे सात, वाटीभर आमटी पाच-सहा, आणि तीही दाट असेल तर. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाची पातळ आमटी आणि कालची पोळी खाणाऱ्या बाईचे पन्नास कुठून भरणार? म्हणून माझा एकच नियम: आपलं ताट आधी वाढून झाकून ठेवा. मग मागाहून जेवलात तरी चालेल. पाळी गेलेल्या बाईला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे असतं. तीळ, दूध, दही, ताक आहेतच. गोळ्या चालू असतील तर लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका, एकमेकांना अडवतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि तिच्यानंतर चार तास लोह-कॅल्शियम नाही. जेवणावर लगेच चहाही नाही. हे कठीण आहे, मला माहीत आहे.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायामही लागतो. हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, दहादहाचे तीन फेरे. बाजारातून येताना दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

तपासण्यांत आणखी दोन जोडा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आणि स्तनांची. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायकांसाठी ही तपासणी आहे, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा.

चौथी पायरी: उदासी की आजार

कंटाळा, चिडचिड, रिकामं झालेलं घर, हे येतं आणि जातं. पण सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न असेल, आवडतं तेही नकोसं झालं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटत असेल, तर ते वहीने सुटणारं काम नाही. 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. जगू नये असं मनात आलं तर त्याच क्षणी लावा, घरातल्या एकाला तरी सांगा. घरात मारझोड असेल तर 181, जीव धोक्यात असेल तर 112. "थोडं जुळवून घे" हा सल्ला अशा ठिकाणी कुणाच्याही तोंडून आला तरी बाजूला ठेवा.

पाचवी पायरी: "मदत" नको, खातं द्या

दुसऱ्या पायरीतले गोल इथे कामाला येतात. घरातली माणसं "काय करू सांग" म्हणतात तेव्हा ती मदत करत असतात. आठवण ठेवायची, सांगायचं, पुन्हा सांगायचं, हे सगळं आपल्याकडेच राहतं. म्हणून कामाचा तुकडा देऊ नका, मंत्रिमंडळात देतात तसं अख्खं खातं द्या.

मी नवऱ्याला मामंजींच्या औषधांचं खातं दिलं. गोळ्या किती उरल्या ते बघण्यापासून दुकानात जाणं, डॉक्टरांची वेळ घेणं, रिपोर्ट फाइलला लावणं, सगळं. शब्द नेमके हे होते: "एक तारखेपासून बाबांच्या औषधांचं तुम्ही बघायचं. मी आठवण करणार नाही आणि चौकशीही करणार नाही." पहिल्या महिन्यात दोनदा गोळ्या संपल्या. एकदा रात्री साडेनवाला हे स्कूटर काढून गेले. मी आत पोळ्या लाटत होते आणि जीभ दातांखाली धरली होती. दुसऱ्या महिन्यात फ्रिजवर त्यांच्या अक्षरातला तक्ता लागला, माझ्यापेक्षा बरा. न बोलणं हाच या पायरीचा अवघड भाग आहे, बाकी काही नाही. भाजी जाड चिरली, टॉवेल वेडावाकडा वाळत घातला, दही आंबट झालं, तरी गप्प राहायचं. आपण दुरुस्त करायला गेलो की खातं दुसऱ्या दिवशी परत आपल्या पदरात.

एका वेळी एकच खातं. पोरगा सतरा वर्षांचा असेल तर त्यालाही एक.

एकटी असाल, किंवा घरात देण्यासारखं कुणीच नसेल, तर काम कमी करा. तीन भाज्यांच्या जागी एक. पोळीवाल्या ताईंना लावा आणि त्यांना वेळेवर, नीट पैसे द्या, कारण त्याही याच वयाच्या असतात.

सहावी पायरी: कागदांवर आपलं नाव

समाधानाच्या लेखात पैसे कशाला, असं एकीने विचारलं. तिच्याच वहीत पैशांना दोन मार्क होते आणि कारण लिहिलं होतं, "उद्या हे नसले तर मला एटीएमचा पिन माहीत नाही."

एका रविवारी जमिनीवर सगळे कागद मांडा. घर कुणाच्या नावावर, कुठल्या बँकेत किती, विमा कुठला, कर्ज किती, लॉकरची चावी कुठे. एका पानावर यादी करा. नॉमिनी म्हणून आपलं नाव आहे म्हणजे पैसा आपला झाला असं नसतं. सहसा नॉमिनी रक्कम ताब्यात घेते, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. म्हणून मृत्युपत्र दोघांचंही करा.

- स्वतःच्या एकटीच्या नावाचं बचत खातं, आणि त्यात दरमहा ठरलेली रक्कम, पाचशे का असेना.
- त्या खात्यातून वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा (प्रधानमंत्री सुरक्षा बीमा) निघतो. 436 रुपयांचा जीवन ज्योती बीमा पन्नाशीच्या आतच घेता येतो, तेव्हा एकोणपन्नासाव्या वर्षी टंगळमंगळ नको.
- आरोग्य विमा आता घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि साठीत घ्यायला गेलात तर आजारही जास्त, हप्ताही जास्त.
- नवरा धंद्यात असेल तर त्याचा मुदत विमा 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढून घ्या. मग धंद्याचं कर्ज वसूल करणारे त्या पैशाला हात लावू शकत नाहीत.

शेतीवाल्यांसाठी वेगळं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली, पुढे सरकारने ती योजना केली. नवऱ्याने अर्ज दिला तर त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. तलाठ्याकडे विचारा. आणि माहेरचं हक्कसोडपत्र? वडिलांचे दिवस चालू असताना, पाटावर बसल्या बसल्या पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील 2005 च्या आधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. हक्क भावाला सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण घरी नेऊन, वाचून, महिनाभराने.

सातवी पायरी: सोबत

आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, घराबाहेर, आणि कुणाचं काही न करता. भजनी मंडळ चालेल, टेकडी चालेल, पेटीचा क्लास चालेल. अर्धवट राहिलेली पदवी असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुरी करता येते. आमच्यातली एक पन्नासाव्या वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा दोन महिन्यांतून एकदा आम्ही कुठेतरी जाऊन येतो. डबे न्यायचे नाहीत, हॉटेलात खायचं, असा ठराव आहे.

गट करताना एक बघा. विधवा, सोडलेल्या, न लग्न झालेल्या बायका हळदीकुंकवातून हळूच गळतात, आणि सोबतीची गरज त्यांनाच जास्त असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. आपल्या वाड्यात, सोसायटीत ठरावाचीही गरज नाही, बोलावणं पुरतं.

तीन महिन्यांनी

पुन्हा सात पानं, पुन्हा आकडे, जुने न बघता. सगळं वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. एखादा आकडा खालीही जातो. एकीचं "जवळचं नातं" सहावरून चारावर आलं, कारण आता ती खरं लिहायला लागली होती. एका वेळी सगळ्यात खालचं एकच पान पुढच्या तीन महिन्यांसाठी घ्या.

माझी झोप तीनवरून सहावर आली. शरीर पाच, हिमोग्लोबिन 11.6. पैसे मात्र चारावरच आहेत, कारण नव्या खात्याचा फॉर्म दीड महिना झाला फ्रिजवर पडलाय, त्या गोळ्यांच्या तक्त्याच्या शेजारी.